शाखा, डहाळी आणि विद्यापीठ : लॉस एंजेलिसच्या नॉर्मल स्कूलचे प्रकरण

लॉस एंजेलिसच्या मध्यवस्तीत, पाचव्या रस्त्यावर आज जेथे शहराचे मुख्य सार्वजनिक ग्रंथालय आहे, तेथे पूर्वी एक टेकाड होते आणि त्या टेकाडावर २९ ऑगस्ट १८८२ रोजी शिक्षक घडवणारी एक सरकारी शाळा सुरू झाली. लोक त्या टेकाडाला नॉर्मल हिल म्हणत. पुढे रस्त्यासाठी टेकाड कापले गेले, शाळेची इमारत पाडली गेली आणि १९२६ साली त्या जागी ग्रंथालय उघडले. शाळा त्याच्या कितीतरी आधी तेथून निघाली होती. तिने आणखी दोनदा पत्ता बदलला, चार वेळा नाव बदलले आणि आज जग तिला यूसीएलए (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, लॉस एंजेलिस) या चार अक्षरांनी ओळखते.

ही कथा बहुधा ‘छोट्या ट्रेनिंग शाळेचा वटवृक्ष झाला’ अशा थाटात सांगितली जाते. कागद नीट लावून पाहिले तर ती वाढीपेक्षा हस्तांतरणाची कथा आहे असे दिसते. नॉर्मल स्कूलने जमीन, इमारत आणि भरलेले वर्ग दिले. विद्यापीठाने नाव दिले. या व्यवहारात कोणाला काय मिळाले आणि कोणाच्या हातून काय गेले, एवढ्याच प्रश्नाभोवती हा प्रकरण अभ्यास मांडला आहे. आपल्याकडे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने स्वतंत्रपणे चालणाऱ्या अध्यापक शिक्षण संस्थांनी २०३० पर्यंत बहुविद्याशाखीय व्हावे असे म्हटले आहे, आणि मुंबईतील १९०६ सालचे सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ या समूह विद्यापीठाचा घटक झाले आहे. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीचे हे परदेशी प्रकरण मराठी वाचकाला फारसे परके वाटू नये.

‘नॉर्मल’ या शब्दामागे

लॅटिनमध्ये ‘नॉर्मा’ म्हणजे सुताराचा गुण्या. त्यावरून फ्रेंचांनी ‘एकोल नॉर्माल’ हा शब्द घडवला : जेथे शिकवण्याचा नमुना दाखवला जातो, म्हणजे ज्या मापाने पुढच्या सगळ्या शाळा काटकोनात बसवायच्या, ती शाळा. अमेरिकेतील पहिले सरकारी नॉर्मल स्कूल मॅसॅच्युसेट्समधील लेक्सिंग्टन येथे जुलै १८३९ मध्ये उघडले, तेव्हा पहिल्या दिवशी तीन मुली हजर होत्या. आपल्याकडेही मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकात ‘नॉर्मल स्कूल’ हा शब्द रूढ होता. ‘ट्रेनिंग कॉलेज’ हे नाव त्याच्या जागी पुढे आले.

कॅलिफोर्नियात ही परंपरा सॅन फ्रान्सिस्कोमधून सुरू झाली. जॉर्ज मिन्स यांनी १८५७ मध्ये तेथे शहरातील शिक्षकांसाठी सायंवर्ग चालवले. १८६२ मध्ये विधिमंडळाने कायदा करून ते सरकारी नॉर्मल स्कूल केले. १८७१ मध्ये ही शाळा दक्षिणेकडे सॅन होजे येथे हलवण्यात आली. १८८० च्या फेब्रुवारीत तिची इमारत आगीत जळाली आणि ती पुन्हा बांधली जात असतानाच राज्याच्या दक्षिण टोकाला तिची एक शाखा काढण्याचे ठरले. त्या काळी लॉस एंजेलिसची वस्ती जेमतेम ११ हजार होती. गावकऱ्यांनी वर्गणी काढून संत्र्यांच्या बागेची जागा मिळवून दिली आणि सॅन होजेची शाखा म्हणून शाळा सुरू झाली. म्हणजे जन्मतःच ती कोणाची तरी शाखा होती, ही बाब लक्षात ठेवावी, कारण ‘शाखा’ हा शब्द तिच्या मानगुटीवर पुन्हा एकदा बसणार होता.

या शाळेच्या इमारतीत मुलांची एक प्राथमिक शाळाही होती. डी.एड. किंवा बी.एड. केलेल्या वाचकाला त्या वर्गाचे चित्र वेगळे सांगायला नको : फळ्यापुढे घामाघूम झालेली प्रशिक्षणार्थी, हातात टाचण, समोर तिच्यापेक्षा जास्त आत्मविश्वास असलेली सात वर्षांची मुले, आणि मागच्या बाकावर वही उघडून बसलेले अनुभवी शिक्षक. सराव शाळा हे नॉर्मल स्कूलचे हृदय होते. व्याख्यानाने शिक्षक घडत नाही, मुलांसमोर उभे राहूनच घडतो, ही त्या संस्थेची मूळ श्रद्धा त्या एका वर्गात दिसत असे. संस्थेची नावे बदलत गेली तरी हा धागा तुटला नाही; तीच शाळा आज यूसीएलए लॅब स्कूल या नावाने विद्यापीठाच्या आवारात चालते.

१८८७ मध्ये शाखा स्वतंत्र झाली आणि ‘लॉस एंजेलिस स्टेट नॉर्मल स्कूल’ हे नाव आले. त्यानंतरची पंचवीस वर्षे शांततेत गेली. शहर मात्र शांत नव्हते. १८९० च्या जनगणनेत ५० हजार, १९०० मध्ये १ लाख २ हजार, १९१० मध्ये ३ लाख १९ हजार अशी त्याची लोकसंख्या फुगत गेली. टेकाडावरची जागा अपुरी पडली आणि १९१४ मध्ये शाळा व्हर्मोंट अव्हेन्यूवरील २५ एकरांच्या नव्या आवारात आली. लाल विटांच्या, कमानींच्या त्या इमारती पाहून कोणीही तिला शाळा म्हटले नसते.

अडचण कोणती होती

इमारत महाविद्यालयासारखी असली तरी कायद्याच्या नजरेत ती शाळाच होती. तेथे प्रामुख्याने प्राथमिक शिक्षक तयार होत, विद्यार्थ्यांत बहुसंख्य मुली असत आणि अभ्यासक्रमाच्या शेवटी मिळत असे ते शिकवण्याचे प्रमाणपत्र. पदवी देण्याचा अधिकार संस्थेला नव्हता. लॉस एंजेलिसच्या एखाद्या मुलीला सरकारी विद्यापीठाची पदवी हवी असेल तर तिला सुमारे सहाशे किलोमीटर उत्तरेला, बर्कलीला जावे लागे. शहरात १८८० पासून युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया होती, पण ती खासगी.

यामागची घटनात्मक रचना समजून घेतल्याशिवाय पुढचे डावपेच कळणार नाहीत. १८६८ मध्ये स्थापन झालेल्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला १८७९ च्या राज्यघटनेने सार्वजनिक विश्वस्त संस्थेचा दर्जा दिला होता आणि तिचा कारभार रीजंट मंडळाकडे, म्हणजे तिच्या नियामक मंडळाकडे, सोपवला होता. विधिमंडळाला त्या कारभारात ढवळाढवळ करण्यास फार थोडी मुभा होती. नॉर्मल स्कूले याच्या बरोबर उलट्या बाजूला होती : त्यांचे अभ्यासक्रम, पैसा, नेमणुका सारे विधिमंडळाच्या आणि सरकारी मंडळांच्या हाती. एकाच राज्यात, सरकारी खजिन्यावरच चालणाऱ्या, पण दोन वेगळ्या कुळांतल्या या संस्था होत्या. एका कुळातून दुसऱ्या कुळात जायचे तर अभ्यासक्रम सुधारून भागणारे नव्हते. दत्तक जावे लागणार होते.

विद्यापीठाच्या बाजूने पाहिले तर दक्षिणेत हात पसरण्याची गरज त्यांना फारशी वाटत नव्हती. डेव्हिसला शेतीची, रिव्हरसाइडला लिंबूवर्गीय फळांच्या संशोधनाची, ला होयाला समुद्रविज्ञानाची अशी केंद्रे होती, पण साहित्य, इतिहास, गणित शिकवणारे विद्यापीठ एकच असावे आणि ते बर्कलीत असावे, हा तेथील माजी विद्यार्थ्यांचा व उत्तरेकडील आमदारांचा ठाम आग्रह होता. अध्यक्ष बेंजामिन आयड व्हीलर हेही दक्षिणेतील दुसऱ्या आवाराला अनुकूल नव्हते. पैसा वाटला जाईल आणि दर्जा पातळ होईल, हा त्यांचा मुख्य युक्तिवाद. तो अगदीच पोकळ होता असे म्हणता येणार नाही.

दोन माणसे आणि एक विधेयक

या कोंडीत दोन माणसांची गाठ पडली. एडवर्ड डिक्सन हे लॉस एंजेलिसचे वृत्तपत्रकार, कॅलिफोर्नियातील प्रगतिवादी राजकारणातले मुरलेले कार्यकर्ते आणि १९१३ पासून रीजंट मंडळाचे सदस्य. त्या मंडळावर दक्षिण कॅलिफोर्नियाचा आवाज म्हणजे तेवढे एकटे तेच. दुसरे अर्नेस्ट कॅरल मूर. ते १९०६ ते १९१० या काळात लॉस एंजेलिसच्या शाळांचे अधीक्षक होते, मग येल आणि हार्वर्डमध्ये शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९१७ मध्ये नॉर्मल स्कूलचे प्रमुख म्हणून परतले. हार्वर्डची खुर्ची सोडून प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षण शाळेत येणारा माणूस काहीतरी मनात धरूनच येतो. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात दोघे जॉनथन क्लबमध्ये दुपारच्या जेवणाला भेटले आणि नॉर्मल स्कूल विद्यापीठाच्या हवाली करण्याची कल्पना तेथे पक्की झाली.

ही कल्पना हुशारीची होती, आणि थोडी धूर्तही. रीजंट मंडळाकडे जाऊन ‘दक्षिणेत नवे विद्यापीठ काढा’ असे म्हटले असते तर जमीन कोठे, पैसा कोठून, विद्यार्थी किती, हे तीन प्रश्न उभे राहिले असते आणि मागणी तेथेच मेली असती. मूर यांच्याकडे या तिन्हींची उत्तरे तयार होती : २५ एकर, नव्याकोऱ्या इमारती आणि हजाराहून अधिक विद्यार्थी. विद्यापीठाला फक्त ‘हो’ म्हणायचे होते. शिवाय १९१७ पासून गव्हर्नरपदी असलेले विल्यम स्टीफन्स हे लॉस एंजेलिसचेच. अमेरिकेच्या संसदेत, म्हणजे तेथील काँग्रेसमध्ये, त्यांनी त्याच भागाचे प्रतिनिधित्व केले होते.

२३ मे १९१९ रोजी स्टीफन्स यांनी विधानसभा विधेयक क्रमांक ६२६ वर सही केली. नॉर्मल स्कूलची जमीन, इमारती आणि मालमत्ता रीजंटांकडे गेली व संस्थेचे नाव ‘युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, सदर्न ब्रँच’ असे झाले. १५ सप्टेंबरला वर्ग सुरू झाले तेव्हा आवारात दोन वेगळी बिऱ्हाडे होती : जुन्या नॉर्मल स्कूलचे नवे नाव धारण केलेले टीचर्स कॉलेज, ज्यात हजाराहून अधिक विद्यार्थी होते, आणि साहित्य-विज्ञानाच्या पहिल्या दोन वर्षांचे ज्युनियर कॉलेज, ज्यात सुमारे अडीचशे. दोन्हींचे संचालक मूर.

या क्षणी व्यवहाराचा ताळेबंद मांडला तर विचित्र चित्र दिसते. संस्थेत दर पाच विद्यार्थ्यांमागे चार शिक्षक होण्यासाठी आलेले होते. त्यांच्या जिवावर विद्यापीठ दक्षिणेत आले. पण शहरातील चर्चा, वृत्तपत्रांतील लेख, आमदारांच्या मागण्या साऱ्या उरलेल्या एका विद्यार्थ्याबद्दल होत्या : त्याला तिसरे वर्ष कधी मिळणार? टीचर्स कॉलेजचे काय होणार हा प्रश्न त्या गदारोळात कोणी फारसा विचारला नाही. माझ्या मते या प्रकरणाची खरी कळ येथेच आहे.

डहाळीचे दिवस

‘ब्रँच’ म्हणजे फांदी, तर ही ‘ट्विग’, म्हणजे डहाळी, अशी चेष्टा शेजारच्या खासगी विद्यापीठातील पोरे करीत. ती झोंबणारी होती, कारण खरी होती. दोन वर्षे येथे शिकायचे आणि मग सामान उचलून बर्कलीला जायचे, अशी व्यवस्था. घरून ट्रामने वर्गात येणाऱ्या आणि फावल्या वेळात नोकरी करणाऱ्या मुलामुलींना ती परवडणारी नव्हती, हे सांगायला आकडेवारी लागत नाही.

पुढची पाच वर्षे दक्षिणेने एकेक वर्ष मागून घेतले. आधी तिसऱ्या वर्षाची मंजुरी आली. ११ डिसेंबर १९२३ रोजी रीजंटांनी चौथे वर्ष मान्य केले आणि ज्युनियर कॉलेजचे ‘कॉलेज ऑफ लेटर्स अँड सायन्स’ झाले. १२ जून १९२५ रोजी बी.ए.च्या पहिल्या पदव्या दिल्या गेल्या, त्या ९८ मुलींना आणि ३० मुलांना. हा आकडा बोलका आहे. नवे महाविद्यालय साहित्य-विज्ञानाचे असले तरी नॉर्मल स्कूलने चाळीस वर्षे मुलींसाठी जो दरवाजा उघडा ठेवला होता, त्यातूनच पहिली तुकडी बाहेर पडली असे मला वाटते.

रीजंट मंडळ या काळात उदार झाले होते असे समजू नये. त्यांच्यावर दबाव होता तो डोक्यांच्या संख्येचा. १९२० च्या जनगणनेत लॉस एंजेलिसने ५ लाख ७६ हजारांसह सॅन फ्रान्सिस्कोला मागे टाकले होते. १९३० मध्ये हाच आकडा १२ लाखांवर गेला. विधिमंडळात मते, खजिन्यात कर आणि वर्गात मुले, तिन्ही दक्षिणेकडे झुकत असताना उत्तरेला दर वेळी थोडे मागे सरणे भाग पडले. दर वेळी उशीर मात्र केला गेला, आणि दर वेळी मागणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागली.

व्हर्मोंट अव्हेन्यूची जागा दहा वर्षांतच कमी पडू लागली. २१ मार्च १९२५ रोजी रीजंटांनी बेव्हर्ली हिल्सच्या पश्चिमेकडील माळाची निवड जाहीर केली. समुद्राकडेच्या पालोस व्हेर्देस टेकड्या मागे पडल्या. एडविन आणि हॅरॉल्ड जॅन्स या जमीनविकासक बंधूंनी सुमारे ४०० एकर जमीन १० लाख डॉलरला, म्हणजे बाजारभावाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमीत दिली. यात दानत किती आणि हिशेब किती हे वाचकाने ठरवावे. भोवतालची वेस्टवुडची जमीन त्यांचीच होती आणि विद्यापीठाशेजारचे प्लॉट काय भावाने जातात हे आपल्याकडच्या कोणत्याही शहरात विचारले तरी कळेल. ती रक्कम उभी करण्यासाठी लॉस एंजेलिस, सांता मोनिका, बेव्हर्ली हिल्स आणि व्हेनिस या चार शहरांच्या मतदारांनी कर्जरोख्यांना मंजुरी दिली. १८८२ मध्ये संत्र्यांच्या बागेसाठी निघालेल्या वर्गणीचीच ही थोरली आवृत्ती होती.

१९२७ मध्ये ‘सदर्न ब्रँच’ हे नाव जाऊन ‘युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया ॲट लॉस एंजेलिस’ हे नाव आले. त्याच वर्षी पदवी घेतलेल्यांत राल्फ बंच हे आपल्या वर्गातून पहिले आलेले विद्यार्थी होते. ते दाखल झाले तेव्हा संस्था शाखा होती, बाहेर पडले तेव्हा तिला नाव मिळाले होते. पुढे १९५० चे शांततेचे नोबेल त्यांना मिळाले. पण १९२७ मध्ये त्यांना पदव्युत्तर शिक्षणासाठी हार्वर्ड गाठावे लागले, कारण लॉस एंजेलिसला नाव मिळाले तरी पदवीच्या पुढचे काही शिकवण्याचा अधिकार मिळाला नव्हता. तो मिळवायला आणखी दशकभर भांडावे लागले : १९३३ मध्ये एम.ए., १९३६ मध्ये डॉक्टरेट, आणि १९३८ मध्ये पहिली पीएच.डी., इतिहासात. बर्कलीचा विरोध या प्रत्येक पायरीवर होता.

नावाचे तेवढे येथेच संपवतो. ‘ॲट’ हा शब्द जाऊन त्या जागी स्वल्पविराम यायला १९५८ साल उजाडले. १९६० मध्ये कुलगुरू म्हणून आलेल्या फ्रँकलिन मर्फी यांना आढळले की, विद्यापीठात फोन केला तर ऑपरेटर ‘युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया’ असे उत्तर देतात. त्यांनी फर्मान काढले : यापुढे ‘यूसीएलए’ म्हणायचे. शाखा असल्याचा सल किती खोल असतो हे त्या एका फर्मानात दिसते.

शिक्षक प्रशिक्षणाचे काय झाले

१९२९ मध्ये वेस्टवुडच्या आवारात वर्ग सुरू झाले तेव्हा विद्यार्थी साडेपाच हजारांच्या घरात होते. मधल्या चौकाभोवती चार इमारती उभ्या होत्या : ग्रंथालय, रॉइस हॉल, भौतिकशास्त्र-जीवशास्त्राची आणि रसायनशास्त्राची. शिक्षक प्रशिक्षणाची इमारत त्या चारांत नव्हती. याचा अर्थ टीचर्स कॉलेज बंद पडले असा नाही; तेही आले होते, वर्गही चालत होते. पण नव्या आवाराचा नकाशा पाहणाऱ्याला ही संस्था मुळात कशासाठी निघाली होती याचा अंदाज आला नसता.

मूर १९३६ मध्ये प्रमुखपदावरून उतरले. १९३९ मध्ये टीचर्स कॉलेजची व्यवस्था संपुष्टात आली आणि तिच्या जागी स्कूल ऑफ एज्युकेशन आले. कागदावर ही बढती आहे, कारण विद्यापीठांच्या उतरंडीत ‘स्कूल’ हे संशोधन व पदव्युत्तर शिक्षणाचे अंग मानले जाते. आशयाच्या दृष्टीने मात्र येथे अग्रक्रम उलटला. नॉर्मल स्कूलमध्ये शिकवायला शिकणे हे मुख्य काम होते आणि बाकीचे विषय त्याच्या पोटात येत; आता बाकीचे विषय मुख्य झाले आणि शिकवायला शिकणे हा अनेकांपैकी एक विभाग झाला. आपल्या विद्यापीठांत शिक्षणशास्त्र विभागाला अधिसभेच्या बैठकीत कोणत्या रांगेत जागा मिळते हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचे आश्चर्य वाटू नये.

याच्या दुसऱ्या बाजूकडेही पाहिले पाहिजे. विद्यापीठात गेल्यामुळे शिक्षकांना इतिहासाच्या, विज्ञानाच्या प्राध्यापकांकडून तो विषय शिकता आला, पदवी मिळाली, आणि पदवीबरोबर पगार व मान. प्राथमिक शिक्षिकेला बी.ए. असण्याचा हक्क नाकारणारी जुनी व्यवस्था काही सोन्याची नव्हती. सराव शाळाही टिकली; इतकेच नव्हे तर १९२५ पासून १९५७ पर्यंत कोरिन सीड्स यांच्या नेतृत्वाखाली ती कृतीतून शिक्षणाचे एक नावाजलेले केंद्र झाली. म्हणून ‘विद्यापीठाने नॉर्मल स्कूल गिळले’ हे विधान अर्धेच खरे आहे. गुणवत्ता वाढली, व्याप्ती आकसली.

व्याप्ती आकसली याचा पुरावा व्हर्मोंट अव्हेन्यूवरच सापडतो. विद्यापीठ तेथून निघाले त्याच वर्षी, म्हणजे १९२९ मध्ये, त्या आवारात लॉस एंजेलिस ज्युनियर कॉलेज उघडले, जे आजचे लॉस एंजेलिस सिटी कॉलेज. दुसऱ्या महायुद्धानंतर शाळा मुलांनी भरू लागल्या, शिक्षकांची टंचाई जाणवू लागली, आणि शहराच्या ध्यानात आले की इतर भागांत जुनी नॉर्मल स्कूले राज्य महाविद्यालये होऊन हे काम करीत आहेत, आपल्याकडे तशी संस्थाच उरलेली नाही. १९४७ मध्ये विधिमंडळाने लॉस एंजेलिस स्टेट कॉलेज स्थापन केले. नवे आवार तयार होईपर्यंत ते कोठे भरवायचे? व्हर्मोंट अव्हेन्यूवर, सिटी कॉलेजच्याच जागेत. ज्या आवारात नॉर्मल स्कूलचे विद्यापीठ झाले होते, त्याच आवारात अठ्ठावीस वर्षांनी नॉर्मल स्कूलच्या कुळातली संस्था पुन्हा काढावी लागली.

आईची वाट

तुलनेसाठी सॅन होजेइतके चांगले उदाहरण नाही, कारण लॉस एंजेलिस ही तिचीच शाखा. सॅन होजेला बर्कली जवळ होती, वाढते महानगर भोवती नव्हते आणि रीजंट मंडळात तिची बाजू घेणारा कोणी डिक्सन नव्हता. ती आपल्या कुळातच राहिली आणि पायरीपायरीने चढली : १९२१ मध्ये स्टेट टीचर्स कॉलेज, १९३५ मध्ये ‘टीचर्स’ शब्द गळून सॅन होजे स्टेट कॉलेज, १९७२ मध्ये नावात ‘युनिव्हर्सिटी’ आणि १९७४ मध्ये आजचे नाव, सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटी. मुलगी १९१९ मध्ये विद्यापीठाच्या घरात गेली. आईला ते नाव मिळायला आणखी ५३ वर्षे लागली.

लॉस एंजेलिसने घेतलेला आडमार्ग दुसऱ्यांनाही मोहवत होता. सांता बार्बराचे राज्य महाविद्यालय, ज्याच्या मुळाशीही नॉर्मल स्कूलच होते, १९४४ मध्ये याच रीतीने विद्यापीठात सामील झाले. त्यानंतर मात्र दार बंद करण्यात आले : १९४६ च्या घटनादुरुस्तीने राज्य महाविद्यालयांचे असे हस्तांतरण थांबवले. राज्याच्या उच्च शिक्षणाची आखणी करणाऱ्या १९६० च्या मास्टर प्लॅनने, ज्याच्या रचनेत विद्यापीठाचे तत्कालीन अध्यक्ष क्लार्क केर यांचा मोठा वाटा होता, ही कुंपणे पक्की केली. संशोधन आणि स्वतंत्रपणे डॉक्टरेट देण्याचा अधिकार युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाकडे राहिला. जुन्या नॉर्मल स्कूलांतून वाढलेल्या महाविद्यालयांना अध्यापनाचे काम देण्यात आले. १९७२ मध्ये नावात ‘युनिव्हर्सिटी’ आल्यावरही हा अधिकार त्यांना मिळाला नाही. विद्यापीठ हे नाव आणि विद्यापीठाचे अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सॅन होजेच्या बाबतीत उघड दिसते, आणि १९२७ ते १९३६ मधल्या लॉस एंजेलिसच्या बाबतीतही तेच दिसले होते.

हे कुंपण राज्य विद्यापीठांसाठी प्रथम किलकिले झाले ते २००५ मध्ये. त्या वर्षीच्या कायद्याने त्यांना एका शाखेत, कोणत्याही भागीदाराशिवाय, स्वतःची डॉक्टरेट देण्याची परवानगी मिळाली. ती शाखा होती शिक्षणशास्त्र.